मेमरी ट्रेसिंगचा एकच प्रोग्रॅम ५.१५, ६.१ आणि ६.१२ या तिन्ही कर्नलवर कसा चालवावा?

बर्फगाडी (मिरकरवाडा, रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही.

मिरकरवाड्याचे आणि हर्णैचे काही बर्फाचे कारखाने आणि शीतगृहं यांच्या तापमानाच्या नोंदी ठेवण्याचं काम मी बघतो. प्रत्येक ठिकाणी चार कोअरचा एक छोटा मिनी-पीसी आहे आणि तो लिनक्सवर चालतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कारखान्यांवरचा ताण तेव्हा कमी असतो, म्हणून मशीन बदलणं, ओएस चढवणं ही कामं आम्ही याच काळात उरकतो. त्यामुळे मशीन सगळी एका पिढीची नाहीत. जुन्यांवर उबंटू २२.०४ आहे, म्हणजे कर्नल (ओएसचा गाभा) ५.१५. मधल्यांवर डेबियन १२, म्हणजे ६.१. या पावसाळ्यात बसवतोय त्यांवर डेबियन १३, म्हणजे ६.१२.

नोंदी गोळा करणाऱ्या प्रोसेसची मेमरी हळूहळू वाढत जाते आणि शेवटी मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारा कर्नलचा ओओएम किलर तिला मारतो. मग पुढचे काही तास तापमानाची नोंदच होत नाही. आत मासळी असते, त्यामुळे हे चालवून घेता येत नाही. वाढ कुठे होते ते पकडायला ५.१५ वर एक बीपीएफ प्रोग्रॅम (कर्नलच्या आत चालवता येणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिलेला आहे. तो तीन कामं करतो: प्रोसेसच्या मेमरीची नोंद असलेल्या एमएम_स्ट्रक्टमधून आरएसएसचे (रॅममध्ये प्रत्यक्ष किती मेमरी आहे त्याचे) आकडे वाचतो, तिच्या सगळ्या व्हीएमए (पत्त्यांच्या पट्ट्या) एकेक करून चालत जातो, आणि कर्नलच्या आतल्या मेमरी वाटपासाठी केमॅलॉक आणि केमॅलॉक_नोड या दोन ट्रेसपॉइंटना (कर्नलने घटना नोंदवण्यासाठी ठेवलेल्या जागांना) जोडून घेतो.

५.१५ वर तिन्ही कामं व्यवस्थित होतात. ६.१ वर व्हीएमएची साखळी सापडत नाही आणि केमॅलॉक_नोड नावाची घटनाच नाही असं उत्तर येतं. ६.१२ वर तर आरएसएसचं फील्डही जुळत नाही. तीन कर्नलसाठी तीन प्रोग्रॅम सांभाळायचे, की याला काही नीट पद्धत आहे?

सड्यावरचो (देवगड)

आमच्याकडे पण ह्योच प्रकार. माका वाटता कर्नल बदलूच नये. ५.१५ चलता मा, मग तेका कित्या हात लावूचो?

खाडीकाठ (दापोली)

@सड्यावरचो, नेटवर्कला जोडलेलं मशीन जुन्या कर्नलवर कायमचं ठेवता येत नाही. दीर्घ पाठिंब्याच्या कर्नललाही सुरक्षेच्या दुरुस्त्या काही वर्षंच मिळतात. शिवाय नवं हार्डवेअर घेतलंत की त्याचे ड्रायव्हर जुन्या कर्नलमध्ये नसतात. बदल होणार असं धरूनच लिहायला हवं.

@बर्फगाडी, तुमच्या तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेते.

आधी व्हीएमए. प्रोसेसच्या पत्त्यांच्या सलग पट्ट्या पूर्वी दोन ठिकाणी नोंदलेल्या असत: एक रेड-ब्लॅक ट्री आणि त्याच्याबरोबर एक लिंक्ड लिस्ट. तुमचा प्रोग्रॅम त्या लिस्टवरून, म्हणजे व्हीएम_नेक्स्ट पॉइंटर धरून चालतो. ६.१ मध्ये मेपल ट्री आला आणि या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. लियाम हाउलेट आणि मॅथ्यू विलकॉक्स यांचं हे काम. व्हीएमएचा शोध कुलूप न लावता घेता यावा ही त्यामागची मोठी प्रेरणा होती, आणि पुढे ६.४ मध्ये प्रत्येक व्हीएमएचं स्वतंत्र कुलूप आलं ते याच पायावर. एका प्रोसेसमधले अनेक थ्रेड एकाच वेळी पेज फॉल्ट करतात (अजून न जोडलेलं पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, मागतात) तेव्हा याचा मोठा फायदा होतो. त्यामुळे ती जुनी साखळी परत येणार नाही.

केमॅलॉक_नोडचं कारण साधं आहे. नूमा (मेमरी वेगवेगळ्या नोडमध्ये विभागलेली रचना) असलेल्या आणि नसलेल्या वाटपांसाठी वेगवेगळे ट्रेसपॉइंट होते, ते ६.१ मध्ये एक केले. आता केमॅलॉक ही एकच घटना आहे आणि तिच्यात नोड हे फील्ड आहे. नाव गेलं, पण माहिती गेलेली नाही. प्रोग्रॅम सुरू होताना ट्रेसएफएस या ट्रेसिंगच्या फाइलसिस्टिममध्ये इव्हेंट्स/केएमईएम खाली केमॅलॉक_नोडची डिरेक्टरी आहे का ते बघा. असेल तर जोडा, नसेल तर सोडा. बीसीसी या बीपीएफ साधनांच्या संचातलं मेमलीक हेच करतं.

आरएसएसची गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. ६.२ मध्ये शकील बट यांच्या बदलाने एमएम_स्ट्रक्टमधलं आरएसएस_स्टॅट हे पर-सीपीयू (प्रत्येक सीपीयूचा वेगळा हिशोब ठेवणाऱ्या) काउंटरांचं ॲरे झालं. आधी ती साध्या ॲटॉमिक आकड्यांची रचना होती. म्हणून तुमचा प्रोग्रॅम ६.१ वर हे फील्ड वाचू शकतो, ६.१२ वर नाही.

बर्फगाडी

ताई, मनापासून आभार. आता प्रत्येक अडचण कुठून आली ते कळलं. पण पुढचा प्रश्न उरतोच. कर्नलवाले आतली रचना बदलणार. मग बाहेरून बघणाऱ्याने भरवसा कशावर ठेवायचा? ट्रेसपॉइंटसुद्धा बदलतातच की.

खाडीकाठ

बदलतात, पण प्रत्येक बदलाची किंमत वेगळी असते. मी अशी उतरंड मानते. वर प्रॉक् डिरेक्टरीखालच्या फाइली, त्या सहसा मोडत नाहीत. त्याखाली ट्रेसपॉइंट. त्याखाली केप्रोब, म्हणजे कर्नलच्या एखाद्या फंक्शनच्या नावाला जोडून घेणं. आणि सगळ्यात खाली स्ट्रक्टमधली फील्ड थेट वाचणं. जितकं खाली जाल तितकं लवकर मोडतं.

केप्रोबचं उदाहरण बघा. पेज कॅशचे (मेमरीत ठेवलेल्या फाइलींच्या पानांचे) हिट-मिस मोजणारं बीसीसीमधलं कॅशस्टॅट डर्टी (बदललेली, पण डिस्कवर अजून न लिहिलेली) पानं मोजायला अकाउंट_पेज_डर्टीड या फंक्शनला जोडत असे. ५.१६ मध्ये फोलिओ (एक किंवा अनेक पानं मिळून एक नोंद) आले आणि ते फंक्शन फोलिओ_अकाउंट_डर्टीड झालं. काम तेच, नाव बदललं. आता कॅशस्टॅट आधी नवं नाव शोधतं, नसेल तर जुनं घेतं.

ट्रेसपॉइंटबद्दल एक जुना किस्सा सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. २०११ च्या सुमारास कर्नलमधून बिग कर्नल लॉक (सगळ्या कर्नलसाठीचं एकच मोठं कुलूप) गेलं. प्रत्येक ट्रेस नोंदीत त्याच्या खोलीसाठी एक फील्ड होतं, ते निरुपयोगी झालं म्हणून काढलं. आणि वीजवापर दाखवणारं पॉवरटॉप हे साधन मोडलं, कारण पुढची फील्ड कितव्या बाइटवर आहेत हे त्याने कोडमध्येच पक्कं लिहिलेलं होतं. वापरकर्त्यांचं साधन मोडलं म्हणून बदल मागे घ्यावा लागला आणि त्या जागी नुसते रिकामे बाइट ठेवावे लागले. पॉवरटॉपने पुढे नोंदीची रचना वाचून घेणारी लायब्ररी वापरायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ते बाइट काढता आले.

प्रत्येक ट्रेस इव्हेंटच्या डिरेक्टरीत फॉरमॅट नावाची फाइल असते. कोणतं फील्ड, कितव्या बाइटपासून, किती बाइट, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. ती फाइल वाचून चालणारा प्रोग्रॅम नवं फील्ड मध्ये घुसलं तरी टिकतो. तुमच्या केमॅलॉकच्या नोंदीत ५.१५ नंतर ‘नोड’ हे फील्ड वाढलं आहे. ऑफसेट पक्के धरून नोंद वाचत असाल तर हे आधी तपासा.

तांबडीमाती (सावंतवाडी)

चर्चा फार चांगली चालली आहे. मी घरून एका कंपनीसाठी परफॉर्मन्सचं काम करतो, याच गोष्टींत दिवस जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्ट्रक्ट वाचायचंच असेल तर बीपीएफमध्ये त्याची सोय आहे: बीटीएफ आणि को-रे (एकदा कंपाइल करून सगळीकडे चालवायची पद्धत). कर्नल स्वतःच्या सगळ्या स्ट्रक्टचं वर्णन बीटीएफ रूपात बरोबर ठेवतं, आणि लिबबीपीएफ ही लायब्ररी प्रोग्रॅम चढवताना त्या वर्णनाशी तुमची फील्ड जुळवून ऑफसेट दुरुस्त करतं. फील्ड नुसतं सरकलं असेल तर तुम्हाला काहीच करावं लागत नाही. फील्डचा प्रकारच बदलला असेल, जसा आरएसएस_स्टॅटचा, तर एकाच स्ट्रक्टच्या दोन व्याख्या लिहायच्या. नावाच्या शेवटी तीन अंडरस्कोर देऊन काहीही प्रत्यय लावला तर लिबबीपीएफ तो प्रत्यय सोडून देतं. मग ‘जुन्या रचनेतलं फील्ड इथे आहे का’ असं विचारून दोन वाटा करायच्या. जी वाट या कर्नलवर लागू नाही ती व्हेरिफायर (प्रोग्रॅम चढण्याआधी तपासणारा कर्नलचा भाग) मृत कोड म्हणून गाळून टाकतो. मशीनवर सिस/कर्नल/बीटीएफ खाली व्हीएमलिनक्स ही फाइल आहे का ते आधी बघा. नसेल तर बीटीएफ वेगळं तयार करून द्यावं लागतं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो. को-रे लावलंत, प्रोग्रॅम तिन्ही कर्नलवर चढला, आकडे आले. तिथे थांबू नका. ६.१२ वर तुम्ही त्या पर-सीपीयू काउंटरमधलं ‘काउंट’ हे फील्ड वाचणार. तो पूर्ण आकडा नाही. प्रत्येक सीपीयू स्वतःची वाढ-घट आपल्याजवळ साठवतो आणि ती ठरलेल्या मर्यादेला पोचली की मगच मधल्या काउंटमध्ये टाकतो. ही मर्यादा ३२ किंवा सीपीयूंच्या दुप्पट, यांतला मोठा आकडा. तुमच्या चार कोअरच्या मशीनवर ती ३२ पानं. चार सीपीयू मिळून जवळजवळ १२८ पानं काउंटच्या बाहेर असू शकतात. ४ केबीच्या पानाने ५१२ केबी झाले. हे एका काउंटरचं झालं, आणि आरएसएस म्हणजे फाइल, अनॉनिमस (कुठल्याही फाइलची नसलेली) आणि शेअर्ड अशा तीन काउंटरांची बेरीज. म्हणजे दीड एमबीपर्यंतचा फरक. हळूहळू गळणारी छोटी प्रोसेस शोधताना एवढा फरक सगळा आलेखच बिघडवतो.

जो प्रोग्रॅम चढतच नाही त्याची मला काळजी वाटत नाही. एरर येते, माणूस बघतो, दुरुस्त होतं. रचना बदलल्यावरही आकडा देत राहतो आणि त्या आकड्याचा अर्थ मात्र बदललेला असतो, तो प्रोग्रॅम महिनोन्महिने चुकीची दिशा दाखवतो. कर्नलची आवृत्ती बदलली की ‘फील्ड सापडलं का’ याच्या बरोबरीने ‘त्या फील्डमध्ये आता नेमकं काय असतं’ हे कर्नलच्या सोर्समध्ये जाऊन वाचावं. दुसरा मार्ग नाही.

किनारपट्टी (अलिबाग)

@तांबडीमाती, एक पुरवणी. ५.१५ वरचा आकडाही तंतोतंत नव्हता. तेव्हा प्रत्येक थ्रेड आपली वाढ स्वतःजवळ ठेवत असे आणि ६४ पेज फॉल्टनंतर एकदा मुख्य आकड्यात मिळवत असे. म्हणजे जुना खरा आणि नवा खोटा असं नाही. चुकीचं प्रमाण आधी थ्रेडच्या संख्येवर अवलंबून होतं, आता सीपीयूच्या संख्येवर आहे. बर्फगाडींच्या प्रोसेसमध्ये थ्रेड थोडे असतील तर ५.१५ वर फरक कमी दिसला असेल.

तांबडीमाती

@किनारपट्टी, अगदी बरोबर. दोन कर्नलचे आलेख शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं.

बर्फगाडी

मग आरएसएस_स्टॅट नावाचा ट्रेसपॉइंट आहे, तो वापरला तर? तिथे आकार थेट बाइटमध्ये येतो असं दिसतं.

तांबडीमाती

तो चांगला आहे, आणि रचना बदलली तरी बाहेरचं रूप कसं टिकवावं याचं उदाहरणही आहे. ५.५ मध्ये आला. नोंदीत चार गोष्टी असतात: एमएम_आयडी, करंट, काउंटरचा प्रकार आणि आकार. ६.२ मध्ये आतलं सगळं बदललं, पण ही चार फील्ड तशीच राहिली. आकार काढताना आता सगळ्या सीपीयूंची खरी बेरीज केली जाते, म्हणून इथे मिळणारा आकडा काउंट थेट वाचण्यापेक्षा नेमका असतो.

मात्र तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, नोंदींची संख्या. जुन्या कर्नलमध्ये थ्रेड आपला साठा मिळवत असे तेव्हा नोंद व्हायची. आता प्रत्येक वाढ-घटीला होते. दर मिनिटाच्या नोंदी मोजून ‘हालचाल वाढली’ असा निष्कर्ष काढाल तर तो फसवा असेल.

दुसरी, खर्च. ती बेरीज प्रत्येक नोंदीला होते. फिल्टर लावून सुटका नाही, कारण नोंद भरल्यानंतरच फिल्टर तपासला जातो. चार कोअरवर हे चालून जाईल, मोठ्या सर्व्हरवर विचार करावा लागेल. रॉ ट्रेसपॉइंटला जोडलंत तर बेरजेच्या आधीच तुम्हाला मूळ आर्ग्युमेंट मिळतात, पण मग पुन्हा स्ट्रक्टच्या आत शिरावं लागतं. शिवाय ती आर्ग्युमेंटही बदलली आहेत. ५.१५ मध्ये तीन होती (एमएम, प्रकार, संख्या), आता दोनच आहेत. वरच्या थरातली स्थिरता हवी तर तिचा खर्च द्यावा लागतो, आणि तुमच्या कामात तो द्यावा असं मला वाटतं.

तिसरी, प्रोसेसची ओळख. करंट १ असेल तरच नोंदीवरचा पीआयडी त्या मेमरीच्या मालकाचा असतो. मेमरी कमी पडून केस्वॅपडी या कर्नलच्या थ्रेडने पानं काढून घेतली तर नोंदीवर केस्वॅपडीचा पीआयडी दिसतो आणि करंट ० असतो. अशा वेळी एमएम_आयडीवरून मालक ओळखायचा. आधीच्या करंट १ असलेल्या नोंदींतून एमएम_आयडी आणि पीआयडीची जोडी जपून ठेवा.

खाडीकाठ

यात माझं एक मत. हळू गळतीसाठी प्रत्येक पेज फॉल्ट ट्रेस करायची गरजच नाही. प्रॉक्मधली स्मॅप्स_रोलअप फाइल ४.१४ पासून आहे. ती पेज टेबल (कोणत्या पत्त्याला कोणतं पान जोडलंय त्याचा तक्ता) चालत जाऊन मोजते, त्यामुळे या काउंटरांची चूक तिच्यात येत नाही. काही मिनिटांनी एकदा वाचली तर मशीनला भारही जाणवणार नाही. पातळी तिथून घ्या, आणि वाढ ठरावीक मर्यादेबाहेर गेली की मगच थोडा वेळ ट्रेसिंग चालू करा.

व्हीएमएसाठी मेपल ट्री स्वतः चालत जायचा प्रयत्न करू नका. त्याच्या नोडची रचना गुंतागुंतीची आहे आणि तीही पुढे बदलू शकते. बीपीएफमध्ये टास्क_व्हीएमए नावाचा इटरेटर ५.१२ पासून आहे, म्हणजे तुमच्या तिन्ही कर्नलवर मिळेल. व्हीएमए कुठे आणि कशा ठेवल्या आहेत ते कर्नलच बघतं, तुम्हाला फक्त एकेक व्हीएमए हातात येते. खाली लिंक्ड लिस्टचा मेपल ट्री झाला तरी हा इटरेटर वापरणाऱ्यांना प्रोग्रॅम बदलावा लागला नाही.

वडाप (चिपळूण)

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वरचं बरंच समजलं. पेज आणि फोलिओ यांत फरक काय, आणि त्याने ट्रेसिंगवर काय परिणाम होतो, हे कोणी सांगेल का?

खाडीकाठ

प्रश्न योग्य विचारलास. प्रत्येक भौतिक पानासाठी कर्नल एक स्ट्रक्ट पेज ठेवतं. ६४-बिट मशीनवर तो सहसा ६४ बाइटचा असतो. ४ केबीच्या पानाने १६ जीबी रॅमची एक्केचाळीस लाखांहून जास्त पानं होतात, म्हणजे २५६ एमबी फक्त या नोंदींत जातात. शिवाय तेच ६४ बाइट पेज कॅश, स्लॅब (कर्नलच्या छोट्या वाटपांची पानं), पेज टेबल अशा सगळ्यांसाठी वेगवेगळ्या अर्थाने वापरले जात. अनेक पानं मिळून एक मोठं पान असेल तर हातातला पॉइंटर पहिल्या पानाचा आहे की मधल्या, हे प्रत्येक फंक्शनला पुन्हा तपासावं लागे. फोलिओ म्हणजे ‘हा पॉइंटर मधल्या पानाचा नाही’ ही हमी. स्लॅबसाठीही ५.१७ मध्ये वेगळा स्ट्रक्ट स्लॅब आला. हे काम अजून चालू आहे.

ट्रेसिंगवरचा परिणाम असा: फाइलचं पान पेज कॅशमध्ये आलं की एमएम_फाइलमॅप_ॲड_टू_पेज_कॅश ही घटना होते. पूर्वी एक घटना म्हणजे एक पान. आता एक घटना म्हणजे एक फोलिओ, आणि त्यात किती पानं आहेत ते ‘ऑर्डर’ फील्डमध्ये असतं. ऑर्डर २ असेल तर चार पानं. एक्सएफएस या फाइलसिस्टिमवर मोठे फोलिओ ५.१८ पासून आहेत, म्हणजे तिथे नुसत्या घटना मोजून पानांची संख्या मिळत नाही.

नोंदीत पेजचा पॉइंटर न ठेवता पीएफएन, म्हणजे पानाचा क्रमांक ठेवायचा, हा बदल मात्र २०१५ मध्येच झाला होता. पॉइंटर कर्नलच्या बाहेर निरर्थक असतो. क्रमांक भौतिक मेमरीतलं स्थान सांगतो, आणि पेजचा फोलिओ झाला तरी तो बदलत नाही. असा विचार करून फील्ड निवडली की ती बरीच वर्षं टिकतात.

किनारपट्टी

जीएफपी फ्लॅगबद्दलही (मेमरी कशी मागितली ते सांगणारे बिट) सांगून ठेवतो. त्यांचे कच्चे आकडे दोन कर्नलमध्ये तुलना करायला वापरू नका, बिटांच्या जागा सरकतात. नावंच वापरा. ६.१० मध्ये हे फ्लॅग इनमने (सी भाषेतल्या नावांच्या क्रमवार यादीने) ठरवायला सुरुवात झाली तेव्हा फॉरमॅट फाइलमध्ये आकड्यांच्या जागी इनमची नावं दिसू लागली आणि बाहेरच्या साधनांना फ्लॅग उलगडता येईनात. २०२५ च्या सुरुवातीला कर्नलचं ट्रेसिंग सांभाळणाऱ्या स्टीव्हन रोस्टेड यांनी ते दुरुस्त केलं. फॉरमॅट फाइल वाचणाऱ्यालाही अडचण येऊ शकते ती अशी, म्हणून डेबियन १३ वर कर्नलचे अपडेट वेळच्या वेळी घ्या.

वडाप

आभार, ताई आणि दादा. हे सगळं हार्डवेअर नसताना तपासता येतं का?

तांबडीमाती

येतं. क्यूईएमयू या आभासी मशीनच्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही कर्नल चढव. एक छोटा सी प्रोग्रॅम लिही: ६४ एमबी मागायचे, प्रत्येक पानावर एक बाइट लिहायचा, थोडं थांबायचं, सोडून द्यायचे. अपेक्षित वाढ किती ते आधीच माहीत असतं. मग तुझ्या ट्रेसिंगचा आकडा, स्मॅप्स_रोलअपचा आकडा आणि अपेक्षित आकडा शेजारी ठेव. ट्रान्सपरंट ह्यूज पेज (आपोआप मोठी पानं देणारी सोय) एकदा चालू ठेवून आणि एकदा बंद करून बघ, कारण चालू असताना एका फॉल्टमध्ये २ एमबी येऊ शकतात. कर्नल बदललं की ही चाचणी आधी चालवायची, मगच आलेखांवर विश्वास ठेवायचा.

बर्फगाडी

सगळ्यांचे पुन्हा आभार. तुमच्या सल्ल्याने रचना बदलली. पातळी स्मॅप्स_रोलअपमधून, व्हीएमए टास्क_व्हीएमए इटरेटरने, केमॅलॉक फॉरमॅट फाइल वाचून, आणि आरएसएस_स्टॅट फक्त वाढ दिसली की काही मिनिटं. एमएम_स्ट्रक्टमधलं फील्ड थेट वाचणं पूर्ण काढून टाकलं. तिन्ही कर्नलवर एकच प्रोग्रॅम चढतो आहे आणि ६४ एमबीची चाचणी तिन्हीकडे जुळते आहे. व्हीएमएच्या यादीत अनॉनिमस मेमरीच्या पट्ट्या वाढताना स्पष्ट दिसतात, फाइलच्या नाही, म्हणजे गळती आमच्याच कोडमध्ये आहे. आता तिथे शोधतोय.

एक नवी गोष्ट. एका कारखान्यात मिनी-पीसीऐवजी रास्पबेरी पाय ५ बसवायचं ठरतंय, त्यावर रास्पबेरी पाय ओएस. काही वेगळं सांभाळायला हवं का?

तांबडीमाती

हो, पानाचा आकार. पाय ५ साठी रास्पबेरी पाय ओएसचं कर्नल मुळातच १६ केबी पानांचं येतं. प्रोग्रॅममध्ये कुठेही ४०९६ ने गुणलं असेल तर तो गुणाकार शोधून काढा आणि आकार गेटकॉन्फ पेजसाइझने विचारून घ्या. आरएसएस_स्टॅटचा आकार बाइटमध्येच येतो, त्यामुळे तिथे काही करावं लागणार नाही. पण पीएफएनवरून पत्ता काढताना आणि ऑर्डरवरून बाइट काढताना नवा आकार लागेल. आणि बीटीएफ तिथे आहे का हे पहिल्यांदा बघा, तुमचा इटरेटर त्याच्याशिवाय चालणार नाही.

बर्फगाडी

ऑर्डरच्या हिशोबात ४०९६ आहे. आज रात्री बदलतो आणि पाय ५ वर चाचणी चालवून आकडे इथेच टाकतो.